चौथं बोट

मगदुमांचा भरतेश माझ्या मसाल्याच्या गिरणीत कंदी पेढे घेऊन आला, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे. मगदूम म्हणजे लग्नाच्या अक्षताही फोनवर पाठवणारी माणसं. त्यांच्या हातात साताऱ्याचा खोका दिसला, की घरात कुणीतरी पास तरी झालेलं असतं, नाहीतर अडलेलं. भरतेशचं पास होण्याचं वय उलटून गेलं होतं.

"बस," मी म्हटलं. "मिरची चालू आहे. मोठ्यानं बोल."

हे मी मुद्दाम केलं. मागायला आलेल्या माणसाला कुजबुजायचं असतं. त्याला शिंकत शिंकत ओरडायला लावलं, की अर्धा शेठपणा तिथंच उतरतो.

"काकू, आप्पा..." तो शिंकला. "आप्पा कुणालाच ओळखत नाहीत."

"सांगलीभर माहीत आहे ते."

"आईला परवा म्हणाले, बाई, पाणी ठेवा आणि जा. मला ड्रायव्हर समजतात." आणखी एक शिंक. "आता गाड्या आपल्याआप चालतात, ड्रायव्हर म्हणून कुणी राहिलं नाही. पण आप्पांच्या घरात एक आहे. मी."

विनोद बरा होता. बापाच्या तोंडी शोभला असता.

"मग मी काय करू?"

"मिरजेला नवीन उपचार चालू केलाय. डॉक्टर म्हणतात, आप्पांना थोडा वेळ जागं करता येईल. पण समोर एक माणूस लागेल. त्यांच्या मेंदूनं अजून धरून ठेवलेला."

"तुझी आई."

"नाही."

"तू?"

त्यानं मान खाली घातली. "सगळ्यांना समोर बसवून झालं. नातवाला, धाकट्या आत्याला, मुनिमहाराजांच्या फोटोलासुद्धा. यंत्रावरची रेघ हलली ती फक्त..."

शेवटचा शब्द यंत्राच्या आवाजात बुडाला. मी गिरणी बंद केली. हे वाक्य मला स्वच्छ ऐकायचं होतं.

"परत सांग."

"फक्त तुम्हाला बघून," भरतेश म्हणाला. या वेळी शिंकही आली नाही.

*

ज्यांनी तो बाजार पाहिला नाही, त्यांना आधी थोडं सांगते. आता हळदीचा वास यंत्र घेतं, बोली फोनवर लागते आणि खरेदीदार घरात अंघोळ करता करता माल उचलतो. आमच्या वेळी सौदा हातानं व्हायचा. समोर हळकुंडांचा ढीग. शेतकऱ्याच्या बाजूनं अडत्या, समोर खरेदीदार. दोघांनी हातात हात द्यायचा, वर मोठा रुमाल टाकायचा आणि त्या रुमालाखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. हजार की शेकडा, हे माल बघून दोघांनाही ठाऊक असायचं. मग मनगटावर अंगठा दाबला, की सौदा पक्का. रुमाल बाजूला व्हायचा आणि अडत्या भाव पुकारायचा. भोवती उभे असलेले दहा जण ऐकून घ्यायचे. पाहिलेलं कुणीच नसायचं. तरी रुमालाखालचा शब्द कुणी फिरवत नसे. साक्षीदार नव्हता, म्हणूनच फिरवत नसे.

माझे मालक, धनपाल चौगुले, गेले आणि त्यांची अडत मी चालवायला घेतली. बाजारात तेव्हा बाया होत्या त्या हळद निवडायला. सौद्याच्या कट्ट्यावर एकही नव्हती. विधवेच्या हातात हात कसा द्यायचा, या विचारानं बड्या बड्या खरेदीदारांना घाम फुटला. पहिला पुढं आला आदगोंडा मगदूम, म्हणजे आदूशेठ, या भरतेशचा बाप. मालकांचा जिवलग. माझ्या हातची कटाची आमटी वाट्यांनी नव्हे, तांब्यानं प्यायलेला माणूस. त्यानं सगळ्यांदेखत रुमाल टाकला, "या वहिनी" म्हणाला, आणि बाजारात त्याच्या मोठ्या मनाचा डंका झाला.

मोठं मन हंगामभर टिकलं. एका सकाळी राजापुरी हळदीचा सुरेख माल लागला होता. आदूशेठनं माझी चार बोटं धरली, अंगठा दाबला. मी रुमाल काढला आणि पुकारलं, "चार!"

त्यानं हात मागं घेतला. त्या रुमालाला पुसला. मग भोवती बघून म्हणाला, "वहिनी, मी तीनच धरली होती. चौथं बोट तुम्हीच पुढं केलं असेल."

बाजार हसला. बाजार हसतो तेव्हा एका तोंडानं हसतो, कुणाचं तोंड धरावं ते कळत नाही. मी मात्र तोंडं वेगवेगळी करून ठेवली.

"शेठ, खोटं बोलताय तुम्ही," मी म्हटलं.

"रुमालाखाली साक्षीदार नसतो, वहिनी. बोटं कळतात त्यानंच हात घालावा."

बाईला बोटं कळत नाहीत, हे एकदा झालं म्हटल्यावर शेतकऱ्यांनी एकेक करून माल दुसरीकडं नेला. त्यांचं काय चुकलं? माझ्या हातावर त्यांचं वर्ष होतं. अडत बंद पडली. आमचा गाळा बाजारातल्या मोक्याच्या कोपऱ्यावर होता. तो कुणी घेतला असेल, ते सांगायला नको. आजही त्यावर 'मगदूम आणि सन्स' लिहिलेलं आहे. मी मसाल्याची गिरणी टाकली, ती चांगली चालली, माझी मुलं शिकली. लोक म्हणतात, बरंच झालं की मग. लोकांचं काय जातं? लोकांना कुणी चौथ्या बोटावरून हसलेलं नाही.

म्हणून भरतेशला मी "येते" म्हटलं. त्याला वाटलं, काकूंचं मनही मोठं आहे.

*

मिरजेच्या त्या केंद्रात डॉक्टर होत्या तबस्सुम मुजावर. वय पस्तिशीचं, चालणं पोस्टमनसारखं. मला बघताच म्हणाल्या, "काकू, हरिपूरची पेवं पाहिलीत?"

"पाहिलीत? मी आत उतरलेय."

"मग माझं अर्धं काम झालं."

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं मोठं तळघर, वरून तोंड मातीनं लिंपून टाकलेलं. माल वर्षानुवर्षं आत तसाच राहतो. तबस्सुमचं म्हणणं असं, की या आजारात पेव ढासळत जातं हे खरं, पण आपण समजतो तितकं लवकर नाही. कितीतरी दिवस माल आत असतो. बुजलेली असतात ती तोंडं. त्यांच्या यंत्राचं नाव होतं दिवली. कपाळाला बांधायचा पट्टा. त्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटा मेंदूत खोलवर जातात आणि पेंगलेल्या वाटा काही वेळ जाग्या करतात.

"पण लाटेला कळत नाही कुठलं तोंड उघडायचं," ती म्हणाली. "मेंदूत बदामाएवढी एक गाठ आहे. भीती, राग, माया, ज्यानं जीव हलला त्या आठवणीवर ती शिक्का मारते. नाव पुसलं जातं, चेहरा पुसला जातो, शिक्का सगळ्यात शेवटी. लाट चालू असताना तो शिक्का दाबणारं कुणीतरी समोर हवं. मग ते एक पेव उघडतं आणि त्याच्या उजेडात शेजारची पेवंही दिसतात. बहुतेकांना नातवंड चालतं. एका आजोबांना त्यांची म्हैस लागली. लिफ्टमधून आणली आम्ही."

"आणि आदूशेठना मी."

"जुन्या बाजाराचा फोटो दाखवत होतो. तुम्ही कोपऱ्यात उभ्या आहात. रेघ अशी उडाली की आम्हाला वाटलं, यंत्र बिघडलं."

"माया म्हणायची का ही?"

भरतेशला खोकला आला. तबस्सुम म्हणाली, "शिक्का आहे एवढं कळतं. रंग कळत नाही."

मला कळला होता. आयुष्यभर तो माणूस मला चुकवत आला होता. देवळात मी दिसले की खांबाआड, लग्नात दिसले की पंगत सोडून. इतक्या कसोशीनं जे चुकवावं लागतं, ते विसरणार कसं?

आदूशेठ खुर्चीत बसला होता. एकेकाळी या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं भाव उतरायचा. आता हनुवटीवर भाताचं शीत. पट्टा बांधला, लाट सुरू झाली. मी पिशवीतून मालकांचा जुना रुमाल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याचा पंजा धरला.

आधी बोटं जागी झाली, मग डोळे.

"वहिनी," तो म्हणाला. "हात गार पडलाय तुमचा."

मग त्यानं मान वळवली. "भरतू! अरे, टक्कल पडलं की तुला!"

भरतेश गुडघ्यावर बसला आणि हुंदके देऊन रडला. बाप त्याच्या टकलावरून हात फिरवत होता. बायकोची, नातवाची, दुकानाची चौकशी झाली. मी मध्ये बोलले नाही. रडून घेतलेला माणूस नंतर घासाघीस करत नाही. वेळ संपत आला तशी मी खुर्ची पुढं ओढली.

"शेठ, त्या दिवशी किती धरली होती?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. नजर अगदी लख्ख. "तीन," तो म्हणाला आणि हसला. तेच हसू.

लाट बंद झाली, हसू विझलं, तोंड उघडं राहिलं.

आजारानं त्याची बायको खाल्ली, पोरगा खाल्ला, घराचा पत्ता खाल्ला. खोटं तेवढं शाबूत ठेवलं होतं.

*

बाहेर आल्यावर तबस्सुमनं आम्हा दोघांना बसवलं. "एक सांगते. आठवण बाहेर काढली की ती ओली होते. परत आत जाताना बदलून जाते. तुमचं काही जुनं असेल ते मिटलं, त्यांनी कबूल केलं आणि मनावरचं ओझं उतरलं, तर शिक्क्याची धार जाईल. मग तुम्ही समोर आलात तरी पेव उघडेलच असं नाही."

"म्हणजे शिजवलेली हळद," मी म्हटलं. "पुन्हा उगवायची नाही."

"तसंच."

भरतेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं चक्क माझे पाय धरले. "काकू, हात जोडतो, मिटवू नका. आप्पांनी तुमचं काय केलं ते मला माहीत नाही असं नाही. पण भांडण राहू द्या. आजच्यासारखं दर गुरुवारी मला एकदा भरतू म्हणू देत."

मगदुमांच्या घरचा माणूस आमचं वैर टिकावं म्हणून माझ्या पाया पडत होता. धनपाल, तुम्ही हे बघायला हवं होतं.

"मला गुरुवार नकोत," मी म्हटलं. "मला एकच सकाळ हवी. बाजारात, जुन्या सौद्याच्या कट्ट्यावर, लोकांसमोर. तिथं मी शेठना तोच प्रश्न विचारणार. ते खरं बोलले, तर तुझं भरतू गेलं. खोटं बोलले, तर तुझे गुरुवार तुला. कबूल असेल तर सांग. नसेल तर पुढच्या वेळी म्हैस बघा."

"काकू, ते पेशंट आहेत," तबस्सुम म्हणाली. "पंचायतीतले आरोपी नाहीत."

"मग त्यांनाच विचार."

पुढच्या गुरुवारी आदूशेठ जागा झाल्यावर तिनं खरोखर विचारलं. बाजारात नेऊ का, वहिनींना तुमच्याशी सौदा करायचाय, जुनं काही विचारायचंय, चारचौघांत. तो माझ्याकडं बघून मिशीत हसला. "वहिनींना अजून हौस आहे? चला. आत्ता चला."

भरतेश बापाकडं बघत राहिला. बाप हो म्हणाल्यावर त्याला नाही म्हणायची सवय नव्हती.

*

कट्ट्यावर माणसं मी स्वतः फोन करून जमवली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी जिवंत होते तेवढे सगळे. बसगोंडा पाटलांचे दात आता नवे आहेत. हसले होते ते जुन्या दातांनी. मी दोन्ही दातांना आमंत्रण दिलं. आजकालची पोरंही गोळा झाली, कारण रुमालाचा सौदा त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. वरच्या पडद्यावर भाव झरझर फिरत होते. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

आदूशेठच्या कमरेला धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, टोपीखाली पट्टा, मागं यंत्र धरून तबस्सुम. समोर मी मुद्दाम राजापुरीचा ढीग ओतून ठेवला होता. हात दिला, रुमाल पडला, हळदीचा वास नाकात गेला आणि म्हातारा असा ताठ झाला की भरतेश दचकून मागं सरला.

"माल बरा आहे," आदूशेठ म्हणाला.

"माल त्या दिवशीचाच समजा, शेठ. त्या दिवशी जेवढी धरली होती तेवढी धरा."

रुमालाखाली त्याची बोटं थोडी चाचपडली. मग त्यानं माझं पहिलं बोट धरलं. दुसरं. तिसरं. थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि मग चौथं. सावकाश, नीट, करंगळीसकट. वर मनगटावर अंगठा. पक्कं.

तो माझ्या कानाशी वाकला. "झालं ना, वहिनी? घ्या. रुमालाखालचं रुमालाखाली."

म्हाताऱ्याची अक्कल बघा. दिलं ते अशा जागी दिलं, की कुणाला दिसायचं नाही. त्याचा भार उतरला, इज्जत राहिली. मी मान डोलवली असती तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आम्ही दोघं हलके होऊन घरी गेलो असतो आणि बाजार हसला होता तो तसाच हसलेला राहिला असता. पलीकडं भरतेश हात जोडून उभा होता. त्याच्या ओठांवर एकच शब्द होता, "नको."

मी रुमाल काढला. हात त्याला पुसला. आणि कट्टाभर ऐकू जाईल असं पुकारलं, "दोन!"

आदूशेठनं असा चेहरा केला, जसं काही नीट ऐकूच आलं नाही.

"दोन धरली शेठनी," मी लोकांकडं वळून म्हटलं. "वय झालं. आता बोटं कळत नाहीत त्यांना."

बाजार हसला. तोच बाजार, तसाच. बसगोंडा पाटील तर नव्या दातांची पर्वा न करता हसले.

"चार!"

म्हातारा खुर्चीतून उठला होता. महिनोन् महिने जो आधाराशिवाय उभा राहिला नव्हता, तो काठी आपटत उभा होता. "चार धरली मी! बोटं कळत नाहीत? मला? या बाजाराला बोटं मी शिकवली! आजही चार धरली, तेव्हाही चारच धरली होती!"

हसू मध्येच तुटलं.

"तेव्हाही?" बसगोंडा पाटील म्हणाले. "मग तीन म्हणालास ते काय रे, आदू?"

"ते खोटं होतं! तेव्हा ही खरं बोलली होती, आज खोटं बोलतेय!" तो माझ्याकडं वळला. "वहिनी, सांगा यांना. चार म्हणा. चार धरली ना मी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी रुमालाची घडी घातली.

"रुमालाखाली साक्षीदार नसतो, शेठ."

*

गाडीत बसताना तबस्सुम माझ्यावर उखडली. "काकू, हे उपचारात बसत नाही."

"सूडात बसतं," मी म्हटलं.

भरतेशनं बापाला आत बसवून दार लावून घेतलं. बापानं मोठ्यानं कबूल केलं, बाजारानं ऐकलं, म्हणजे त्याच्या हिशेबानं हळद शिजली. पुढच्या गुरुवारी मला बोलवायलासुद्धा तो आला नाही. मीच गेले. खरं सांगायचं तर विझलेलं पेव बघायलाच गेले होते. जिंकलेल्या माणसाला एकदा जागेवर जाऊन बघावंसं वाटतं.

मी दारात पाऊल टाकलं. पट्टा अजून बांधायचा होता. आदूशेठनं मान वर केली.

"आली," तो म्हणाला. "खोटारडी."

तबस्सुमनं घाईनं पट्टा बांधला आणि यंत्राकडं बघतच राहिली. रेघ पूर्वीपेक्षा उंच होती. नंतर तिनं बराच विचार करून सांगितलं, की ज्यानं अन्याय केला त्याची आठवण कधीतरी बोथट होते. ज्यानं सोसला त्याची होत नाही. इतकी वर्षं आदूशेठ पहिल्यात होते, आता दुसऱ्यात गेलेत. शिक्का नवा, ओला, खोल आहे.

"हे कळायला यंत्र लागलं होय तुला?" मी विचारलं.

आता मी दर गुरुवारी मिरजेला जाते. म्हातारा आधी मला मनसोक्त शिव्या देतो. त्या उजेडात मग भरतू दिसतो, बायको दिसते, नातवाला शाळेचं विचारून होतं. पूर्वीपेक्षा जास्त वेळ जागा राहतो. भरतेश कोपऱ्यात बसून बापाला माझ्याविरुद्ध भडकवतो आणि जाताना मला दारापर्यंत सोडायला येतो. परवा म्हणाला, "काकू, कधीतरी त्यांना खरं सांगून टाकाल का हो? शेवटी शेवटी तरी?"

"सांगू?"

"नको, नको," तो घाईनं म्हणाला.

निघायच्या आधी आदूशेठ रुमाल मागतो. मी टाकते. तो माझी चार बोटं एकेक करून धरतो, मनगटावर अंगठा असा दाबतो की वळ उठावा, आणि खोलीतल्या सगळ्यांना गप्प करून विचारतो, "आता बोला, वहिनी. सगळ्यांसमोर बोला. किती?"

मी थोडा वेळ घेते. त्याच्या डोळ्यांत बघते. ते इतके जागे असतात, की त्यात मी स्वतःला दिसते.

"दोन," मी म्हणते.